नोटरी घरी बोलावताना

ज्याची सही हवी, नेमका तोच माणूस घराबाहेर पडू शकत नाही, ही अडचण मुळशी तालुक्यात घरोघरी भेटते. सातबाऱ्यावर नाव असलेली आजी खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली असते. भूगावच्या एखाद्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या काकांना डॉक्टरांनी जिना उतरायला मनाई केलेली असते. आणि नोटरी बसतात पौडला, पिरंगुटला, नाही तर थेट पुण्यात शिवाजीनगर न्यायालयाच्या आसपास. एकोले, भांबर्डे, तैलबैला या घाटमाथ्यावरच्या गावांतून पौड गाठायचे तर धडधाकट माणसाचाही अख्खा दिवस जातो. पावसाळ्यात ताम्हिणीकडून यायचे असेल तर दिवसाचीही खात्री देता येत नाही.

अशा वेळी घरात दोनच मार्ग सुचतात. एक तर आजारी माणसाला गाडीत घालून नेतात आणि वकिलाच्या टेबलापर्यंत खुर्चीवरून उचलून आणतात. नाही तर कागदावर घरीच सही किंवा अंगठा घेऊन पुतण्याच्या हाती पाठवून देतात, आणि सही करणाऱ्याला न बघताच त्यावर कोणीतरी शिक्का मारून देते. हा दुसरा प्रकार सर्रास चालतो. भाऊबंदकीच्या दाव्यांत 'हा अंगठा माझ्या आईचा नव्हेच' किंवा 'त्या दिवशी वडील दवाखान्यात होते' अशी भांडणे उभी राहतात, ती अशाच कागदांवरून.

तिसरा मार्ग पुरेसा माहीत नाही, तो म्हणजे नोटरीला घरी बोलावणे. त्यात काही आडमार्ग नाही आणि कोणाचे उपकारही नाहीत. नोटरी कायदा १९५२ चा आणि त्याखालचे नियम १९५६ चे. या नियमांतच ठरलेल्या शुल्काखेरीज किलोमीटरच्या हिशेबाने प्रवासभत्ता घेण्याची मुभा नोटरीला दिली आहे. नोटरी पक्षकाराच्या दारी जाईल, हे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते.

परदेशात राहणाऱ्या मुलांकडून 'मोबाइल नोटरी' हा शब्द आता इकडेही ऐकू येतो. अमेरिकेत घरी, दवाखान्यात, कॉफीच्या दुकानातसुद्धा येऊन नोटरी करून देणारे लोक असतात. व्हर्जिनिया राज्याने तर २०१२ पासून संगणकाच्या पडद्यावर समोरासमोर बसून नोटरी करायची सोय केली. पण तिकडचे चित्र जसेच्या तसे इथे लावू नये. आपल्याकडे नोटरी होण्यासाठी साधारण दहा वर्षे वकिली झालेली असावी लागते. महिला आणि मागासवर्गीय वकिलांसाठी ही अट सात वर्षांची आहे. आपल्या कायद्यात आणि नियमांत व्हिडिओ कॉलवरून नोटरी करण्याची पद्धत नाही. 'आधार कार्डाचा फोटो पाठवा, चेहरा दाखवा, शिक्का मारून कुरियर करतो' असे कोणी सांगितले तर फोन ठेवून द्यावा. तो कागद कोणी आव्हान देईपर्यंतच टिकेल.

नोटरीच्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की अमुक माणूस अमुक दिवशी माझ्यासमोर आला, त्याची ओळख मी पटवली, आणि त्याने माझ्यासमोर सही केली किंवा शपथ घेतली. कागदात लिहिलेले खरे आहे, जमीन विकणाऱ्याचीच आहे, व्यवहार कायदेशीर आहे, याची हमी तो शिक्का देत नाही. हे नीट ध्यानात ठेवले तर पुढचे बहुतेक गोंधळ टळतात.

म्हणून नोटरीला फोन करण्याआधी हातातल्या कागदाला नोटरी लागते का, हे बघावे. निम्म्या वेळा लागत नाही. राज्य सरकारने ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने, जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र मागितलेले नाही अशा सरकारी कामांसाठी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि स्वतःच सही केलेल्या प्रती चालतील असे ठरवले. पासपोर्टच्या अर्जासोबतची घोषणापत्रे डिसेंबर २०१६ पासून साध्या कागदावर, नोटरीविना चालतात. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठीही नोटरी नको. 'जीवन प्रमाण'ची सोय नोव्हेंबर २०१४ पासून आहे, मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो दाखला निघतो, आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेत पोस्टमन घरी येऊन काढून देतो. बँकेच्या साध्या कामासाठी नोटरी शोधत असाल तर आधी शाखेत विचारा. सत्तरीपुढच्या आणि आजारी, अपंग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलेले आहे.

मुद्रांकाबद्दलही गैरसमज फार. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभर आणि दोनशे रुपयांच्या मुद्रांकाऐवजी किमान पाचशेचा मुद्रांक झाला. तेव्हापासून सेतू केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या हातातही पाचशेचा कागद दिसू लागला. वास्तविक जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला काढण्यासाठी, तसेच सरकारी कार्यालयांत आणि न्यायालयांत दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांसाठी मुद्रांक शुल्क माफ आहे. ही माफी २००४ पासूनची, आणि मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी ती पुन्हा स्पष्ट केली. असे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर करता येते. बँकेला, गॅस एजन्सीला किंवा गृहनिर्माण संस्थेला द्यायच्या हमीपत्राचे, बंधपत्राचे तसे नाही, तिथे मुद्रांक लागतो. कागद कुठे द्यायचा आहे हे आधी विचारून घ्या आणि मगच मुद्रांक विक्रेत्याकडे जा.

आता दुसरी बाजू, आणि मुळशीत हीच जास्त महत्त्वाची. काही कागद असे आहेत की त्यांना नोटरी पुरत नाही, कितीही शिक्के मारले तरी पुरत नाही.

पौड रस्त्याला लागून, घोटावड्याकडे, रिह्याच्या खोऱ्यात, मुठा खोऱ्यात गेली कित्येक वर्षे गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट 'नोटरीवर' विकले गेले आहेत. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. त्यामुळे लहान तुकड्याचे खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवता येत नसे. मग एजंटांनी सोपी वाट काढली. साठेखत किंवा मुखत्यारपत्र करायचे, त्यावर नोटरीचा गोल शिक्का मारायचा, ताबा द्यायचा आणि पूर्ण पैसे घ्यायचे. घेणारा बहुधा कंपनीत काम करणारा, आयुष्याची पुंजी लावणारा माणूस. त्याला वाटते जागा आपली झाली. शंभर रुपयांहून जास्त किमतीची जमीन नोंदणीकृत दस्ताशिवाय हस्तांतरित होत नाही, हा नियम मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १८८२ पासून आहे. नोंदणी कायदा १९०८ चा. मुखत्यारपत्र, साठेखत अशा कागदांवर केलेल्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्वच्छ शब्दांत सांगितले. पुढे त्याच जमिनीचे मूळ मालकाच्या वारसांनी दुसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखत करून दिले, तर नोटरीवाल्याच्या हाती कोर्टाच्या तारखा राहतात. तुकडेबंदीत अलीकडे सवलतींची पावले पडली आहेत, म्हणून जुना नोटरी कागद घरात असेल तर तो घेऊन जाणत्या वकिलाकडे किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात जा आणि आपला प्लॉट सवलतीत बसतो का ते विचारा. नवा व्यवहार मात्र नोटरीवर करू नका. आणि घरपोच नोटरी घेऊन येणारा एजंट जमिनीच्या कागदावर सही मागत असेल तर सही करू नका, कितीही ओळखीचा असला तरी.

ज्या तालुक्याने शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणात आपली गावे जाताना पाहिली, सेनापती बापटांच्या मागे सत्याग्रह केला, तिथल्या माणसाला जमीन जाणे म्हणजे काय हे शिकवायला नको. आता ती पाण्याखाली जात नाही, बहुतेक वेळा आपल्याच सहीने जाते.

भाड्याच्या घराचेही तसेच. हिंजवडी, माण, मारुंजीत हजारो भाडेकरू आहेत, आणि 'नोटरी अ‍ॅग्रीमेंट'वर घर देणारेही भरपूर आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, हे बऱ्याच घरमालकांना माहीतच नसते. शिवाय ही नोंदणी आता ऑनलाइन होते. अधिकृत सेवा देणारा माणूस अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो आणि दोन्ही पक्षांचे ठसे घेऊन करार नोंदवतो. घरपोच सेवा हवी तर ही घ्यावी.

भावाबहिणींचे हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र हेही नोंदणीचेच कागद. शेतजमिनीच्या वाटपासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. विवाह किंवा घटस्फोटाचा कागद नोटरीकडे करू नये. नोटरीला लग्न किंवा घटस्फोट प्रमाणित करण्याचा अधिकार नाही, हे केंद्रीय विधी खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बजावले आहे. मृत्युपत्राला नोटरी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि ती पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार शक्यतो मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळत नाही असे घ्यावेत. मृत्युपत्र नोंदवता येते, आणि मिळकत मोठी असेल तर नोंदवावे असे माझे मत आहे.

'मग अंथरुणावरच्या माणसाने हक्कसोड नोंदवायचे कसे?' हा प्रश्न हमखास येतो. नोंदणी कायद्याच्या कलम ३१ मध्ये त्याची सोय आहे. सबळ कारण दाखवले तर दुय्यम निबंधक स्वतः घरी येऊन दस्त स्वीकारू शकतात. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज करावा, गृहभेटीचे शुल्क भरावे. पौडच्या कार्यालयात याची चौकशी करताना 'गृहभेट' हाच शब्द वापरा. मुखत्यारपत्राचेही असेच. तुमच्या वतीने दुसऱ्याने दस्त नोंदणीसाठी हजर करायचा असेल, तर भारतात राहणाऱ्याचे मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकांसमोरच प्रमाणित व्हावे लागते. त्यासाठी नोटरीचा शिक्का चालत नाही. आजारी माणसासाठी इथेही निबंधकांनी घरी येण्याची किंवा कमिशन नेमण्याची तरतूद कलम ३३ मध्ये आहे.

मग नोटरीकडे राहते काय? पुष्कळ राहते. वारस नोंदीसाठीचे प्रतिज्ञापत्र, एकाच माणसाची दोन नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र, गॅझेटमध्ये नाव बदलण्यासाठीचा कागद, मयत खातेदाराच्या पैशांसाठी बँकेला द्यायचे हमीपत्र, वीजमीटर नावावर करण्याचे बंधपत्र, बँकेच्या किंवा पेन्शनच्या कामापुरते मुखत्यारपत्र, न्यायालयातले शपथपत्र, परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या सत्यप्रती. २०२५ मध्ये राज्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला घेतली, तेव्हा गावोगावी यातला पहिला कागद लागला.

घरी येणारा नोटरी निवडताना हद्द बघायला विसरू नका. नोटरीला मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर त्याने कोणत्या क्षेत्रात काम करायचे ते लिहिलेले असते. कोणाला एखादा तालुका दिलेला असतो, कोणाला शहर, कोणाला जिल्हा. कोथरूडमध्ये बसणारा नोटरी चांदणी चौक ओलांडून मुळशीत येऊन काम करू शकतो का, हे त्याच्या प्रमाणपत्रावरून ठरते. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आल्यापासून हद्दीचा गोंधळ वाढला आहे. म्हणून फोनवर नुसते 'पुण्याजवळ' म्हणू नका, गावाचे नाव सांगा आणि 'तुमच्या प्रमाणपत्रात हे क्षेत्र येते ना?' असे थेट विचारा. चांगला नोटरी रागवत नाही. नोटरीच्या शिक्क्याचा आकारही नियमाने ठरलेला आहे. तो साधा, गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा असतो, आणि त्यावर नोटरीचे नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव असते. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि नूतनीकरण करावे लागते, म्हणून मुदत संपलेली नाही ना, हेही विचारावे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने महाराष्ट्रात मोठ्या संख्येने नवे नोटरी नेमले आहेत. आपल्याच तालुक्यात एखादा सापडण्याची शक्यता त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त आहे. पौडच्या तहसील कचेरीजवळ किंवा तुमच्या वकिलाकडे विचारलेत तर नाव कळेल.

नोटरी येण्यापूर्वी घरची तयारी पुरी असावी, नाही तर फेरी वाया जाते आणि पैसे दोनदा द्यावे लागतात. मसुदा एक दिवस आधी फोनवर पाठवून नोटरीकडून तपासून घ्या. सही करणाऱ्याला वाचता येते त्याच भाषेत कागद करा. मराठी आजीसाठी इंग्रजी प्रतिज्ञापत्र कशाला? बँकेने इंग्रजीच मागितले असेल तर मराठीत वाचून समजावून सांगितल्याचा शेरा घालायला सांगा. मुद्रांक लागणार असेल तर तो कागदातल्या एखाद्या पक्षकाराच्याच नावाने घेतलेला, सहीच्या तारखेच्या आधीचा किंवा त्याच दिवशीचा असावा. राज्याच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे तो सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो, कपाटात पडलेला जुना कागद काढू नका. मूळ आधार कार्ड आणि फोटो असलेला आणखी एक पुरावा, दोन्हींच्या झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि दोन साक्षीदार. ओळख देणारा माणूस नोटरीच्या माहितीचा असेल तर उत्तम. आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नसेल, जसे एकीकडे 'सोनाबाई' आणि दुसरीकडे 'सोनूबाई', तर ते आधीच सांगा, म्हणजे मसुद्यात 'उर्फ' घालता येईल. घाटाकडच्या गावांत मोबाइलची रेंज जाते. ऑनलाइन भरायचे काही असेल तर आधी भरून छापून ठेवा आणि पैसे रोख जवळ असू द्या. पावसाळ्यात सगळे कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये. ओल्या कागदावर शाईचा ठसा पसरतो, आणि पसरलेला अंगठा कोणीही अमान्य करू शकतो.

नोटरी आल्यावर तो काय करतो यावरून माणूस कसा आहे ते कळते. जाणता नोटरी आधी खाटेजवळ स्टूल ओढून बसतो आणि घरातल्यांना थोडा वेळ बाहेर जायला सांगतो. मग विचारतो, 'आजी, नाव काय तुमचं? आज वार कोणता? हा कागद कशाचा आहे, तुम्हीच सांगा बरं.' आजी म्हणते, 'माझ्या मालकाच्या जागी आम्हा सगळ्यांची नावं लागायचीत म्हणून.' तेव्हा तो कागद उघडतो आणि ओळ न ओळ वाचून दाखवतो. मुलींची नावे आली की थांबतो, 'दोघीच ना, की आणखी कोण?' असे विचारतो. आजीने सांगितलेली तिसरी, सासरी वारलेली लेक मसुद्यात नसेल तर तो सही घेत नाही. खोडून, दुरुस्त करून, खाडाखोडीशेजारी आद्याक्षरे घेतो, किंवा कागद पुन्हा करायला सांगतो. मग डाव्या हाताच्या अंगठ्याला पातळ शाई लावून एकदाच, न घासता ठसा घेतो. शेजारी 'अंगठा अमुकचा' असे लिहून ओळख देणाऱ्याची सही घेतो. आजीला कोणत्या भाषेत वाचून दाखवले ते लिहितो. नोटरी तिकीट चिकटवतो, शिक्का मारतो, तारीख घालतो. आणि शेवटी जाड नोंदवही उघडून त्यात नोंद करतो, तिथेही आजीचा अंगठा घेतो.

नोंदवहीची ही नोंद फार मोलाची आहे. हा कागद खोटा आहे असे उद्या कोणी म्हणाले, तर न्यायालय नोटरीची नोंदवही मागवते. त्या दिवसाच्या पानावर क्रमाने नोंद आणि ठसा सापडला, की बरेचसे भांडण तिथेच संपते. म्हणून घरी आलेल्या नोटरीने नोंदवही सोबत आणली नसेल आणि 'ऑफिसात गेल्यावर लिहितो' असे म्हटले, तर नम्रपणे पण ठामपणे सांगा की वही घेऊन या, आम्ही थांबतो. कागदावर नोंदीचा अनुक्रमांक आणि पान लिहून घ्या आणि सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

माणूस फार आजारी असेल, मधूनमधून भान जात असेल, तर त्याच दिवशीचा, शक्य तर त्याच वेळचा डॉक्टरांचा दाखला घ्या की तो पूर्ण शुद्धीत आहे आणि त्याला समजते आहे. दाखला नसेल आणि त्याला समजत नसेल तर सही घेऊ नका, मग कारण कितीही तातडीचे असो. शुद्ध हरपलेल्या बापाचा अंगठा धरून घेतलेला कागद पुढे त्याच्याच लेकरांना कोर्टात उभे करतो. अशा माणसासाठी पालक नेमण्याचा मार्ग न्यायालयातून आहे. तो लांबचा आहे, पण खरा आहे.

पैशाचे म्हणाल तर आधी बोलून घ्या. सरकारी दर नियमात ठरलेले आहेत, ते कार्यालयात दिसेल असे लावणेही नोटरीवर बंधनकारक आहे. दर फार कमी असल्याने प्रत्यक्षात जास्त घेतले जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. डोंगरातल्या वाडीवर दिवस मोडून येणाऱ्या वकिलाला त्याच्या वेळेचे पैसे मिळावेत, याला माझी हरकत नाही. मात्र नोटरीचे शुल्क, मसुद्याचे, तिकिटाचे आणि प्रवासाचे असे वेगवेगळे सांगायला लावा आणि पावती मागा. पावती देणे हे नोटरीचे काम आहे. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन करावा. १९८७ च्या कायद्याने सर्व महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहेत. कातकरी वाड्यांवरच्या लोकांना हा क्रमांक कोणीतरी आवर्जून सांगायला हवा.

मुलगा परदेशात असेल तर एक-दोन गोष्टी वेगळ्या. त्याने तिकडे केलेले मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात किंवा तिथल्या नोटरीसमोर प्रमाणित करता येते. महाराष्ट्रात कागद पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत हुकली की दंडासह धावपळ होते. उलट इथला कागद तिकडे पाठवायचा असेल तर नुसता नोटरीचा शिक्का पुरेसा नसतो, आधी राज्य सरकारचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अ‍ॅपोस्टिल लागतो. अ‍ॅपोस्टिल ज्या आंतरराष्ट्रीय कराराखाली दिला जातो, त्यात भारत २००५ मध्ये सामील झाला. ज्या देशाला कागद जायचा तो करारात आहे का, हे आधी बघावे.

कोऱ्या मुद्रांकावर सही करू नका, नोटरीसमोरही नाही, जावयासाठीही नाही.

आणि गावच्या कारभाऱ्यांना एक विनंती. एकेका घराने वेगळा नोटरी बोलावला तर प्रवासाचाच खर्च शुल्काच्या कित्येक पट होतो. मुळशी धरणाच्या पलीकडच्या, ताम्हिणीच्या वरच्या गावांतल्या ग्रामपंचायतींनी दोन-तीन महिन्यांतून एक दिवस ठरवावा, त्या क्षेत्राच्या एका नोटरीला बोलवावे, ग्राम महसूल अधिकाऱ्यांनाही त्याच दिवशी हजर राहायला सांगावे, आणि ज्यांना उठता येत नाही त्यांच्या घरी दोघांना घेऊन जावे. प्रवासखर्च वीस घरांत वाटला जाईल. वारस नोंदी, नावाच्या दुरुस्त्या, बँकेची हमीपत्रे एका दिवसात मार्गी लागतील. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एवढा एक विषय घाला.